इंग्रजी लघुकथेतील उपरोध आणि मानवी नाती

वर दिसते एक आणि असते दुसरेच, ही विसंगती कथेच्या रचनेतच मुरवणे म्हणजे लघुकथेतील उपरोध. बोलण्यातील उपरोध (मनात असेल त्याच्या उलट बोलणे), प्रसंगातील उपरोध (अपेक्षेच्या नेमके उलट घडणे) आणि नाट्यात्म उपरोध (पात्राला ठाऊक नसलेले वाचकाला ठाऊक असणे) असे त्याचे तीन प्रकार पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असतात. ही विभागणी सोयीची आहे. मात्र कथेला यातले एक नाव देऊन मोकळे झाले की विश्लेषण तिथेच संपते, आणि परीक्षेतली बरीच उत्तरे तशीच संपतात. इंग्रजी लघुकथेत उपरोधाची जागा बहुधा दोन माणसांच्या मध्ये असते. कोणाला काय ठाऊक आहे, कोणाला कधी कळते आणि कोण कोणापासून काय लपवते, याचा हिशेब मांडला की उपरोध आणि नाते हे दोन वेगळे विषय उरत नाहीत.

उपरोधाला समीक्षेत मध्यवर्ती स्थान मिळाले ते ‘न्यू क्रिटिसिझम’ या, साहित्यकृतीचा मजकूरच बारकाईने वाचणाऱ्या अमेरिकी समीक्षापंथामुळे. क्लिअन्थ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या ‘अंडरस्टँडिंग फिक्शन’ (1943) या पुस्तकाने कथा बारकाईने वाचण्याची शिस्त वर्गात आणली. पुढे वेन बूथ यांनी ‘अ ऱ्हेटरिक ऑफ आयरनी’मध्ये (1974) स्थिर आणि अस्थिर उपरोध असा भेद केला. लेखकाचा रोख एकदा कळला की अर्थ पक्का होतो, तो स्थिर उपरोध. रोख कळल्यासारखा वाटूनही पायाखालची जमीन सरकत राहते, तो अस्थिर. शेवटी कलाटणी देणाऱ्या कथा बहुधा पहिल्या गटात पडतात.

कलाटणीचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे ओ. हेन्री यांची ‘द गिफ्ट ऑफ द मेजाय’ (1905). डेला केस विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी आणते, तर जिमने घड्याळ विकून तिच्या केसांसाठी फण्या आणलेल्या असतात. दोघेही लपवतात ते प्रेमापोटी, त्यामुळे गुपित फुटल्यावर नाते मोडत नाही, उलट घट्ट होते. कथेचा कमकुवतपणा वेगळ्या ठिकाणी आहे. अखेरच्या परिच्छेदात निवेदक स्वतः पुढे होऊन हे दोघे शहाणे कसे ते समजावून सांगतो आणि वाचकाला काही काम ठेवत नाही.

केट शोपँ यांची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ त्याआधीची, 1894 सालची, जेमतेम हजार शब्दांची. पण दुसऱ्या वाचनात ती अधिक भरते. मिसेस मॅलर्ड यांचे हृदय दुबळे, म्हणून रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी बहीण जोसेफीन त्यांना आडवळणाने सांगते. त्या तिथल्या तिथे बहिणीच्या कुशीत ओक्साबोक्शी रडतात आणि मग एकट्याच खोलीत जातात. उघड्या खिडकीबाहेर वसंत आहे, आणि त्यांच्या मनात हळूहळू उमटतो तो सुटकेचा आनंद. नवरा दुष्ट नव्हता, हे इथे महत्त्वाचे. तो प्रेमाने वागे, त्याचे प्रेत पाहून आपण पुन्हा रडू हेही त्यांना ठाऊक आहे. लेखिकेने नवऱ्याला खलनायक केले असते तर कथा सोपी झाली असती. एका माणसाने दुसऱ्यावर आपली इच्छा लादणे, मग हेतू चांगला असो वा वाईट, हाच इथे आक्षेपाचा विषय आहे.

आता कोणाला काय ठाऊक ते पाहावे. ही दुःखाने आजारी पडेल म्हणून जोसेफीन दाराच्या किल्लीच्या भोकाशी तोंड नेऊन विनवते आहे. नवऱ्याचा मित्र रिचर्ड्स दुसऱ्या तारेने खात्री करून मगच आलेला आहे. ब्रेंटली मॅलर्डला तर अपघात झाल्याचेही ठाऊक नाही. तो किल्लीने दार उघडून प्रवासाच्या धुळीसह आत येतो. त्याला पाहून बायको कोसळते, आणि आनंदाचा धक्का तिच्या हृदयाला सोसला नाही, असे निदान डॉक्टर करतात. त्या घरात तिच्या मनातले कोणालाच कळले नाही, आणि आता कधी कळणारही नाही. साक्षीदार एकटा वाचक. मिळालेले स्वातंत्र्य हातचे गेले म्हणून ती मेली, असे वर्गात ठामपणे सांगितले जाते. कथा मात्र तसे कुठे म्हणत नाही. डॉक्टरांचे निदान चुकीचे ठरवताना वाचकही एक निदानच करत असतो.

साकी यांच्या कथांत नाती हा खोडसाळपणाचा कच्चा माल असतो. ‘द ओपन विंडो’मधली पंधरा वर्षांची व्हेरा पाहुण्याला अशी थाप मारते की तो घाबरून पळत सुटतो, तिच्या मावशीला त्याचे कारण कळत नाही. तिथे फार खोल जाण्यात अर्थ नाही, मजा आहे ती थापेच्या कारागिरीत.

सॉमरसेट मॉम यांच्या ‘मिस्टर नो-ऑल’मध्ये (1925) उपरोधाचे टोक निवेदकाकडेच वळते. सॅन फ्रान्सिस्कोहून योकोहामाला निघालेल्या बोटीवर मॅक्स केलाडा नावाचा माणूस आपला खोलीसोबती आहे, एवढे कळताच इंग्रज निवेदकाला तो नकोसा होतो. अजून तोंडही पाहिलेले नसते. केलाडा बडबड्या आहे, प्रत्येक विषयात नाक खुपसणारा आहे, हेही खरेच. मोत्यांच्या व्यापारातला हा जाणकार मिसेस रॅम्से यांच्या गळ्यातली माळ अस्सल असल्याचे सांगतो. ती अठरा डॉलरची नक्कल आहे, असे नवरा म्हणतो, आणि शंभर डॉलरची पैज लागते. भिंगातून माळ पाहताना केलाडाच्या चेहऱ्यावर विजयाचे हसू फुटते, एवढ्यात माळ अस्सल असल्याचे नवऱ्याला कळेल या भीतीने पांढराफटक पडलेला त्या बाईचा चेहरा त्याला दिसतो. तो आपली चूक कबूल करून शंभर डॉलर मोजतो आणि बोटीवर सगळ्यांच्या थट्टेचा विषय होतो. पैज जिंकणाऱ्या नवऱ्याला काहीच कळलेले नाही. हरणाऱ्याला सगळे कळले आहे. सर्वज्ञ म्हणून ज्याची टिंगल झाली त्याने, खरोखर जाणले त्याच वेळी, तोंड मिटले. दुसऱ्या दिवशी एका पाकिटातून शंभराची नोट परत येते, तेव्हा निवेदकाला हा माणूस अगदीच वाईट वाटत नाही. ‘अगदीच’ एवढी अढी त्याच्या मनात तेव्हाही उरते.

कॅथरिन मॅन्सफील्ड यांच्याकडे सावध करणारा निवेदकच नसतो. ‘ब्लिस’मध्ये (1918) सगळे बर्था यंगच्या मनाच्या भाषेत येते, त्यामुळे वाचकही तिच्याबरोबर फसतो. बागेतले फुललेले पेअरचे झाड पाहताना पर्ल फुल्टनशी आपले न बोलता काही जुळले आहे, असे तिला वाटते. तिचा अंदाज बरोबरच असतो. दोघींमध्ये समान असे काही आहेच, आणि ते म्हणजे बर्थाचा नवरा. जॉइस यांच्या ‘द डेड’मध्ये (1914) असाच गैरसमज निराळ्या वळणावर जातो. जिन्यात गाणे ऐकत उभ्या असलेल्या बायकोकडे पाहून गेब्रिएल मोहरतो. ती मात्र तरुणपणी तिच्यावर प्रेम करणाऱ्या, सतराव्या वर्षी वारलेल्या मायकेल फ्युरीच्या आठवणीत असते. हे कळल्यावर त्याची फजिती होते, पण जॉइस त्याला हसत नाहीत. उपरोध करुणेत विरघळतो, आणि या प्रकारातल्या फार थोड्या कथांना ते साधले आहे.

हेमिंग्वे यांच्या ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’मध्ये (1927) तर बहुतेक सारा भार संवादावर आहे. स्पेनमधल्या एका स्टेशनवर एक पुरुष सोबतच्या मुलीला पुन्हा पुन्हा सांगतो की शस्त्रक्रिया साधी आहे आणि तुझ्या मनाविरुद्ध काही नको. गर्भपात हा शब्द एकदाही येत नाही. ती एकाच वाक्यात सात वेळा ‘प्लीज’ म्हणून त्याला गप्प बसायला सांगते, आणि शेवटी आपण अगदी ठीक असल्याचे म्हणते.

भारतीय इंग्रजी कथेत आर. के. नारायण यांची ‘अ हॉर्स अँड टू गोट्स’ याच अंगाने वाचावी. गरीब मुनीला फक्त तमिळ येते, अमेरिकी प्रवाशाला फक्त इंग्रजी. प्रवाशाला वाटते आपण मातीचा घोडा विकत घेतला. मुनीला वाटते आपल्या दोन शेळ्या विकल्या गेल्या. संस्कृतींमधली दरी दाखवणारी कथा म्हणून ती शिकवली जाते आणि हसूही तिथेच येते. पण शंभर रुपये घेऊन मुनी घरी येतो, मागोमाग शेळ्याही परततात, तेव्हा बायकोची खात्रीच होते की याने चोरी केली. परदेशी माणसाशी भाषेअभावी जमले नाही; इथे तर भाषा एकच आहे आणि संसारही जन्माचा. तरीही ती माहेरी निघून जायची धमकी देते.