उकेमी

जपानी युद्धकलांमधील पडण्याची रीत. मूळ शब्दाचा अर्थ साधारण ‘स्वीकारणारे शरीर’ असा. मराठीतले ‘अंगावर घेणे’ त्याच्या बरेच जवळ जाते. ज्युदोचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये तोक्योच्या एइशो-जी मंदिरात बारा तातामींच्या (जाड जपानी चटयांच्या) जागेत ज्युदो शिकवायला घेतला. ज्युदोत काय किंवा आयकिदोत काय, नवख्याला आधी पडायलाच शिकवतात.

तोल गेला की माणूस हात टेकायला जातो आणि मनगट मोडून घेतो. उकेमीत ही सवय मोडावी लागते. उताणे पडताना हनुवटी छातीला लावून नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, श्वास सोडायचा आणि हात अंगापासून थोडे दूर ठेवून तळव्यांसकट गादीवर आपटायचे. धक्का पसरतो, डोके वाचते. ‘पडलो तरी नाक वर’ ही म्हण इथे अगदीच कुचकामी. कुशीवर, पुढे आणि खांद्यावरून लोळण घेत पडणे हे बाकीचे प्रकार.

कोकणात पोरे क्लासला जातात ती बहुधा कराटेच्या, ठोसे आणि लाथा शिकायला. स्वसंरक्षण म्हणजे मारणे, असाच समज असतो. पण हल्लेखोर पुष्कळदा नुसता ढकलतो. डोके न आपटता जो पडतो, तोच उठून पळू शकतो. शिवाय पावसाळ्यात शेवाळलेली पाखाडी (दगडी पायवाट) उतरताना हल्लेखोराचीही गरज नसते. त्या चार महिन्यांत आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या उपयोगाची विद्या हीच.

सरावात पाडणारा जोडीदाराची बाही शेवटपर्यंत सोडत नाही, त्यामुळे पडणाऱ्याचा भार हलका होतो. कानोंच्या ‘जिता क्योएइ’ (आपले आणि दुसऱ्याचे मिळून भले) या तत्त्वाचा अर्थ पोरांना व्याख्यानापेक्षा या बाहीतून लवकर कळतो. पडण्याची भीती गेली की अंग सैल होते; लाजरे पोर मग स्वतःहून ‘मला पाडा’ म्हणत पुढे येते.

पारंपरिक तातामीच्या आत भाताचा पेंढाच असतो. कोकणात त्याला तोटा नाही, तरी आता सगळीकडे फोमच्या मॅट दिसतात. मॅट नसेल तर पुळण आहे. कोरडी वाळू मऊ, पण हाताचा फटका गिळते. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट, तिथे चूक लगेच कळते. जांभ्यावर मात्र हात आपटायचा नाही, फक्त लोळायचे.