मेनिंजायटीस बीची लस घेतली म्हणजे घशातला जंतू गेला? नाही हो

यूकेला शिकायला जाणाऱ्या मुलांच्या आईबाबांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की मेनिंजायटीस बीची (मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंतूच्या बी प्रकाराची) लस घेतली की जंतू घशातूनही जातो आणि मग पोराकडून कुणाला लागण होत नाही. असं नाहीये.

हा आजार करणारा मेनिंगोकोकस जंतू साधारण दहातल्या एका धडधाकट माणसाच्या नाकाघशात गुपचूप राहतो, तरुण पोरांत जास्तच, आणि बहुतेकांना काहीच होत नाही. बी प्रकाराचं कवच आपल्या मज्जातंतूंच्या पेशींवरच्या साखरेसारखंच असतं त्यामुळे त्या कवचावर लस बनवता येत नाही, म्हणून बेक्सेरो या बीच्या लसीत जंतूच्या अंगावरची चार प्रोटीन्स घेतलीत, फॅक्टर एच बाइंडिंग प्रोटीन, नॅडए, एनएचबीए आणि पोरए. आता खरी गोम इथे आहे: ही प्रोटीन्स सगळ्या जंतूंत सारखी नसतात. एकट्या फॅक्टर एचवाल्या प्रोटीनचीच शेकडो रूपं सापडलीत, आणि निरोगी लोकांच्या घशातून काढलेल्या बऱ्याच जंतूंत तर नॅडएचा जीनच नसतो! म्हणजे लस घशातल्या प्रत्येक जंतूला पकडेलच असं नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियात 2017-18 मध्ये हजारो शाळकरी मुलांवर चाचणी झाली, लस घेऊनही रोगकारक मेनिंगोकोकसचं घशातलं प्रमाण काही कमी झालं नाही. याउलट यूकेत 1999 ला आलेल्या सी प्रकाराच्या लसीने घशातला जंतूही कमी केला होता, बहुतेक तिथूनच हा गोंधळ सुरू झाला असावा.

पण म्हणून बीची लस फुकट आहे असं अजिबात समजू नका, 2015 पासून यूकेत बाळांना देतात आणि त्यांच्यातला आजार खरंच खूप घटलाय. ज्याने घेतली त्याला संरक्षण मिळतं, रूममेटला त्याची स्वतःची घ्यावी लागेल.