तारा बारीक झाल्या, घोडी तीच राहिली

फेंडर कंपनीच्या जुन्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची घोडी, म्हणजे ब्रिज, जवळून पाहा. तारा सहा आणि पितळी सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, तीनच, दोन-दोन तारांना एक. नवीन शिकणाऱ्याला वाटतं, कंपनीने पैसे वाचवले. पण १९५० च्या सुमारास लिओ फेंडरने ही रचना केली तेव्हा गिटारवर चढणाऱ्या ताराच वेगळ्या होत्या. पहिली तार ०.०१२ किंवा ०.०१३ इंचाची असे आणि तिसरी, म्हणजे जी, वाउंड असे: पोलादी गाभ्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली.

हा तिसऱ्या तारेचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर, दाबली की तार ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. तो चढ निघावा म्हणून सॅडल मागे सरकवून तारेची लांबी थोडी वाढवतात. किती सरकवायचं, हे मुख्यतः आतल्या पोलादाच्या जाडीवर ठरतं. वाउंड जी दिसते जाड, पण तिचा गाभा बारीकच. त्यामुळे डी (चौथी) आणि जी या दोन्ही तारांना जवळपास सारखीच लांबी लागे आणि एका सॅडलवर दोघींचं भागत असे. त्या जागी साधी, म्हणजे न गुंडाळलेली, जी लावली की तिला डीपेक्षा मागे जावं लागतं. सॅडल एकच, मग सूर जुळणार कसे?

साधी जी आली ती बेंडच्या, म्हणजे तार आडवी ढकलून स्वर चढवण्याच्या, ओढीने. ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेंडरच्या साडेपंचवीस इंची लांबीवर ०.०१३ ची पहिली तार सुरात आणायला साधारण १२.४ किलो ताण लागतो, ०.०१० च्या तारेला ७.३ किलो. जाड तार बोटाने ढकलून पुढच्या स्वरावर न्यायची म्हणजे बोटांची परीक्षाच. लुइझियानाच्या जेम्स बर्टनने पन्नासच्या दशकात टेलिकास्टरवर बॅन्जोच्या बारीक तारा चढवून यातून वाट काढली. पुढे कॅलिफोर्नियात टारझाना इथे गिटारचं दुकान चालवणाऱ्या अर्नी बॉलला दिसलं, की शिकाऊ मुलांची बोटं त्या जाड तिसऱ्या तारेवर हरतात. १९६२ मध्ये त्याने ‘स्लिंकी’ सेट आणला: ०.०१० ते ०.०४६, तिसरी तार साधी, ०.०१७ ची. आज दुकानात आपण ‘दहाचा सेट’ मागतो तो याच मापाचा. माझ्या मते इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बदलण्यात या सेटचा वाटा ॲम्प्लिफायरइतकाच मोठा आहे.

गिब्सन कंपनीची ट्यून-ओ-मॅटिक घोडी (१९५४, लेस पॉल कस्टम गिटारवर) आणि त्याच वर्षीची फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट, यांना प्रत्येक तारेचं स्वतंत्र सॅडल होतं, म्हणून त्या निभावल्या. स्ट्रॅटचा प्रश्न निराळा. तिथे तारांचा ताण मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा तोलून धरतात. नऊचा सेट (पहिली तार ०.००९) सगळा मिळून ३८-३९ किलो ओढतो, दहाचा ४७ च्या आसपास. नऊवरून दहावर गेलात आणि स्प्रिंगा ताणणारे मागचे दोन स्क्रू आवळले नाहीत, तर घोडी पुढे झुकते, तारा वर उचलल्या जातात आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, बिघडते.

सगळ्यात जास्त हाल झाले फेंडरच्याच १९५८ च्या जॅझमास्टर गिटारचे. ती जाड तारांवर जॅझ वाजवणाऱ्यांसाठी होती. तिच्या सॅडलवर स्क्रूसारखे आटे आहेत आणि तारा घोडीवरून जवळजवळ सपाट जातात, म्हणजे खाली दाब कमी. बारीक तारा लावून जोरात स्ट्रोक घेतला की सहावी तार टणकन शेजारच्या आट्यात उडी मारते. हे एकदा हाताखाली झालं की विसरता येत नाही. म्हणूनच अनेक जण तिच्यावर फेंडरच्याच मस्टँग गिटारची घोडी बसवतात. त्या सॅडलला एकच खोल खाच असते.

आपल्याकडे तंबोऱ्याची तार बदलली की जीव, म्हणजे तारेखालचा दोरा, पुन्हा जुळवतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. गिटारवरही तोच क्रम ठेवावा: आधी सेट पक्का करायचा, मग स्प्रिंगा, मग ॲक्शन आणि शेवटी इंटोनेशन, म्हणजे सॅडल सरकवून सूर जुळवणं. जुन्या टेलिकास्टरवर तीन पितळी सॅडलच ठेवायची असतील, तर दोन तारांना वेगवेगळी लांबी देणारी, तिरकी कापलेली सॅडल मिळतात. नाहीतर एकदा वाउंड तिसरी तार लावून पाहा. बेंडला ती फारशी दाद देत नाही, पण डी आणि जी एकाच पितळेवर सुरात बसतात.