एटीपीची लेखी परीक्षा : ३१ जुलै २०१४ ची धावपळ आणि २४ महिन्यांचे कोडे

३१ जुलै २०१४ पर्यंत अमेरिकेत एटीपी, म्हणजे विमान कंपनीच्या वैमानिकाच्या सर्वोच्च परवान्याच्या, लेखी परीक्षेला बसणे हे उड्डाण परवान्यांतले सगळ्यात सोपे काम होते. प्रशिक्षकाची शिफारस लागत नव्हती, ठरावीक उड्डाणतास झालेले असण्याचीही अट नव्हती. ओळखपत्र दाखवायचे, दीडशे डॉलरच्या आसपास शुल्क भरायचे आणि संगणकासमोर बसायचे. ८० प्रश्न, तीन तास, ७० टक्क्यांना उत्तीर्ण. १ ऑगस्टपासून बहुइंजिनी विमानाच्या एटीपीसाठी याच परीक्षेआधी काही हजार डॉलरचा सीटीपी नावाचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. त्यामुळे जुलैभर परीक्षा केंद्रांवर गर्दी उसळली. त्या गर्दीतल्या अनेकांनी पहिली तारीख बरोबर गाठली, पण तिच्या मागून येणारी दुसरी तारीख कागदावर मांडली नाही.

हे सारे बफेलोजवळच्या अपघातातून निघाले. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री एका प्रादेशिक कंपनीचे क्यू-४०० विमान न्यूयॉर्क राज्यातल्या क्लॅरन्स सेंटर गावात एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. वेग घटत गेला, विमान स्टॉलकडे (पंखांची उचल संपण्याकडे) झुकत असल्याचा इशारा म्हणून नियंत्रणदांडा थरथरू लागला आणि कप्तानाने दांडा पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. मृतांच्या नातेवाइकांनी कायदेमंडळाचा पाठपुरावा सोडला नाही. १ ऑगस्ट २०१० रोजी कायदा झाला आणि त्याची अंमलबजावणी करणारा अंतिम नियम जुलै २०१३ मध्ये आला.

'१५०० तासांचा नियम' २०१३ मध्ये जन्माला आला, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. एटीपीसाठी १५०० तास आधीपासून लागत होते. फक्त तो परवाना कप्तानापुरता सक्तीचा होता. सहवैमानिक कमर्शियल परवाना आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगवर (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या पात्रतेवर), कागदोपत्री २५० तासांतही, प्रवासी विमानात बसू शकत होता. भारतात सहवैमानिकाला आजही कमर्शियल परवाना पुरतो, त्यासाठी २०० तास लागतात. अमेरिकेत ऑगस्ट २०१३ पासून दोन्ही आसनांवर एटीपी आला. बफेलोच्या त्या कप्तानाचे ३,३७९ आणि सहवैमानिकाचे २,२४४ तास झाले होते, म्हणजे दोघेही या उंबरठ्याच्या कितीतरी वर होते. तासांच्या अटीवर घेतला जाणारा हा आक्षेप आजवर कोणाला नीट खोडता आलेला नाही.

कायद्यातल्या दुसऱ्या मागणीबद्दल एवढे दुमत नव्हते. स्टॉल, विमान कलंडल्यावर ते सावरणे, उंचावरचे वायुगतिशास्त्र, बर्फ, दोन जणांनी मिळून कॉकपिट चालवणे, हे सगळे वैमानिकाने कंपनीत येण्याआधी शिकलेले असावे, अशी ती मागणी होती. नियामकाने तिला सीटीपीचे रूप दिले. वर्गातले ३० तास आणि सिम्युलेटरसारख्या यंत्रावरचे १० तास. वर्गात वायुगतिशास्त्राला किमान ८, हवामानाला २, विमान कंपनीच्या कामकाजाला १४ आणि नेतृत्व, कॉकपिटमधला समन्वय व सुरक्षा संस्कृती यांना ६ तास. यंत्रावरच्या दहातले ६ तास ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त वजनाच्या टर्बाइन विमानाच्या पूर्ण हालचाली करणाऱ्या सिम्युलेटरवर व्हायला हवेत. खर्च वाढतो तो याच अटीमुळे. गावच्या फ्लाइंग स्कूलकडे असा सिम्युलेटर नसतो, तो मोठ्या प्रशिक्षण केंद्रांत तासाच्या भाड्यावर मिळतो.

अभ्यासक्रमाच्या गरजेवर कोणी फारसे भांडले नाही. वाद होता तो कुठल्या टप्प्यावर ठेवायचा याचा. कंपनीच्या प्रशिक्षणाला जोडून, जेट विमानावर बसण्याच्या तोंडाशी तो ठेवला असता तर शिकलेले लगेच वापरात आले असते. नियामकाने तो लेखी परीक्षेच्या आधी ठेवला, कारण वर्गात शिकवलेले परीक्षेत तपासता यावे. हे कारण कागदावर बिनतोड आहे. व्यवहारात मात्र खर्चाचा भार अशा माणसावर आला, ज्याच्या हाती अजून कंपनीची नोकरी नाही आणि जो विद्यार्थ्यांना शिकवून तास गोळा करतो आहे. त्यामुळे २०१४ च्या जुलैतल्या धावपळीला पळवाट म्हणणे अन्यायाचे होईल. नियमानेच उघडी ठेवलेली ती वाट होती.

ज्यावर सगळ्यात जास्त गोंधळ झाला, तो शब्द म्हणजे 'कॅलेंडर महिना'.

१ ऑगस्टपूर्वी उत्तीर्ण झालेल्याला सीटीपी माफ होता. पण ही माफी त्या निकालपत्राच्या आयुष्याएवढीच होती आणि ते आयुष्य २४ कॅलेंडर महिन्यांचे. नियमाची भाषा अशी की प्रात्यक्षिक परीक्षा ज्या महिन्यात पूर्ण होते, त्याच्या आधीच्या २४ कॅलेंडर महिन्यांत लेखी उत्तीर्ण झालेली असावी. महिना हे एकक अखंड धरले जाते, तारीख मोजली जात नाही. त्यामुळे १ जुलै २०१४ आणि ३१ जुलै २०१४ या दोन्ही दिवसांची निकालपत्रे एकाच दिवशी, ३१ जुलै २०१६ ला संपली. ३० जूनला बसलेल्याचे मात्र ३० जून २०१६ ला. एक दिवस आधी बसल्याने एक अख्खा महिना गेला, तर १ जुलैला बसणाऱ्याला जवळजवळ २५ महिने मिळाले.

म्हणून शहाणपणाचा दिवस जूनअखेरचा नव्हता, तसा जुलैअखेरचाही नव्हता. जुलैचा पहिला आठवडा उत्तम. नापास झाल्यास पुन्हा बसण्यासाठी प्रशिक्षकाकडून राहिलेला भाग शिकून त्याची सही घ्यावी लागते आणि केंद्रावर पुन्हा जागा मिळवावी लागते. ३१ तारखेला ६८ टक्के मिळालेल्याला दुसरी संधीच उरली नाही.

दुसरा अडकित्ता 'पूर्ण' या शब्दात आहे. तोंडी परीक्षा २९ जुलै २०१६ ला झाली, धुक्यामुळे उड्डाण २ ऑगस्टवर गेले, तर तोंडी परीक्षा ग्राह्य राहूनही लेखी मेलेली असते. तिसरा अडकित्ता जुन्या सवयीचा. आधी विमान कंपनीत नोकरीला असलेल्या आणि तिथले प्रशिक्षण पुरे केलेल्या वैमानिकाला मुदत संपलेल्या निकालावरही प्रात्यक्षिक देता येत असे. बहुइंजिनी एटीपीसाठी नव्या नियमाने ही सवलत फक्त ३१ जुलै २०१४ नंतर उत्तीर्ण झालेल्यांना ठेवली. 'एकदा कंपनीत शिरलो की लेखी जिवंत राहते' हा ज्येष्ठांचा सल्ला त्यांच्या काळात खरा होता, २०१४ च्या निकालपत्राला लागू नव्हता. सीटीपी करून परीक्षा देणाऱ्यांना उलट ६० महिने मिळाले.

म्हणून अभ्यासाला बसण्याआधी तासांचा हिशेब मांडायला हवा होता. जुलै २०१४ मध्ये ३०० तास असलेल्याला १५०० गाठायला १२०० हवेत, म्हणजे २४ महिने सरासरी ५०. प्रशिक्षकाची नोकरी आणि चांगली हवा असेल तर हे जमते. उत्तरेकडच्या हिवाळ्यात तीन महिने हातचे जातात. विमानशास्त्राची चार वर्षांची पात्र पदवी असेल तर मर्यादित एटीपी (सहवैमानिकापुरता) १००० तासांत मिळतो, दोन वर्षांच्या पदवीवर १२५० आणि लष्करी वैमानिकाला ७५०. त्यांचे गणित सोपे. पण शेवटी कंपनीच्या प्रशिक्षणात चेकराइड (प्रात्यक्षिक परीक्षा) देणार असाल, तर ते प्रशिक्षणच दोन-तीन महिने चालते. म्हणजे वर्ग एप्रिल २०१६ च्या सुमारास सुरू व्हायला हवा आणि तासही तोवर भरलेले हवेत. २४ महिन्यांतले हातात उरतात एकवीसच.

ज्यांना कंपनीची वेळ जुळेना, त्यांनी छोट्या दोन इंजिनी पिस्टन विमानावर स्वखर्चाने प्रात्यक्षिक द्यावे हा उपाय होता आणि तो नियमात बसत होता. पण २०१३ च्या नियमाने त्या वर्गाच्या विमानातले ५० तासही मागितले होते आणि त्यातले फार तर २५ सिम्युलेटरवर चालत. बहुतेक प्रशिक्षकांचे तास एक इंजिनी विमानातले असतात. १४०० तास हाताशी आणि दोन इंजिनी विमानातले फक्त १८, अशी वही घेऊन २०१६ च्या मे महिन्यात भाड्याचे विमान शोधत फिरणे महागात पडते. एक इंजिनी एटीपीला सीटीपी लागत नाही, हेही खरे. पण त्यावर पुढे दोन इंजिनी वर्ग जोडायचा म्हटले की सीटीपी पुन्हा दारात उभा.

आता परीक्षेकडे. तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या नियमांवरची आणि छोट्या चार्टर कंपन्यांच्या नियमांवरची, अशा दोन प्रश्नपत्रिका होत्या. बहुइंजिनी एटीपीला कुठलीही चालायची. तयारीचा ठरलेला मार्ग म्हणजे प्रश्नसंच पाठ करणे आणि शनिवार-रविवारच्या शिकवण्या. त्यात धोका आहे, हे २०११ मध्येच दिसले होते. तेव्हा सूचना न देता प्रश्न बदलले आणि एटीपीसह काही परीक्षांत नापासांचे प्रमाण एकदम वाढले.

त्या परीक्षेत ८० प्रश्नांना १८० मिनिटे म्हणजे प्रश्नाला सव्वादोन मिनिटे मिळत. पण इंधन आणि वेळ काढायचा मार्ग-नियोजनाचा एकच प्रश्न दहा-पंधरा मिनिटे खात असे. ते प्रश्न खूण करून शेवटी ठेवणे बरे असे. नियम, हवामान, अप्रोच (उतरण्याच्या मार्गाचे) तक्ते आधी संपवले की तासभर हाताशी उरे. चुका ठरावीक जागी होत. बोइंग ७२७ च्या वजन-समतोलाच्या प्रश्नात गुरुत्वमध्य इंचांत काढून तिथेच थांबणे ही पहिली. पंखाच्या सरासरी जीवेची (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीची) पुढची कड ८६०.५ इंचांवर, तिची लांबी १८०.९ इंच. गुरुत्वमध्य ९०८.० वर आला तर ४७.५ भागिले १८०.९, म्हणजे जीवेच्या २६.३ टक्के. उत्तर टक्क्यांत मागितलेले असे आणि इंचांतला आकडाही पर्यायांत मुद्दाम ठेवलेला असू शके. माल हलवण्याच्या प्रश्नात सगळी बेरीज पुन्हा करायची गरज नसते. पुढच्या कप्प्यातून (६८० इंच) मागच्या कप्प्यात (११६६ इंच) २,५०० पौंड नेले आणि एकूण वजन १,५०,००० असले, तर २,५०० गुणिले ४८६ भागिले १,५०,००० म्हणजे ८.१ इंच मागे, साधारण साडेचार टक्के.

उतरण्याच्या अंतरात कोरड्या धावपट्टीच्या ६० टक्क्यांत जेट थांबले पाहिजे. ८,००० फुटांना ४,८००. ओल्या पट्टीसाठी लांबी १५ टक्के जास्त लागते, म्हणून ४,८०० ला १.१५ ने भागायचे, ४,१७४ येतात. इथे १५ टक्के वजा करणारा ४,०८० लिहितो आणि गुण घालवतो. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग म्हणजे दाबाच्या वर्गमुळाची नऊपट, दर चौरस इंचाला १२१ पौंड दाबाला ९९ नॉट. होल्डिंगचा (उतरण्याची वाट पाहत हवेत घिरट्या घालण्याचा) कमाल वेग ६,००० फुटांपर्यंत २००, १४,००० पर्यंत २३० आणि त्यावर २६५ नॉट. हे पाठच हवे. निकालाच्या कागदावर तेव्हा केंद्राचा उठावदार शिक्का असायचा. दोन वर्षांनी परीक्षकासमोर तोच कागद ठेवायचा असल्याने तो लॉगबुकात चिकटवून ठेवणारे शहाणे ठरले.

१ ऑगस्ट २०१४ नंतर बहुइंजिनी परीक्षा १२५ प्रश्नांची आणि चार तासांची झाली. सीटीपी संपला की त्याच आठवड्यात ती देण्याची पद्धत पडली आणि तिच्यासाठीही प्रश्नसंच तयार झाले. परीक्षेने वर्गातले तपासावे हा मूळ हेतू यात कितपत उरला, हे शिकवणाऱ्यांना विचारावे. ३१ जुलै २०१६ ला शेवटची जुनी निकालपत्रे संपली. वैमानिकांचा तुटवडा भासू लागल्यावर प्रादेशिक कंपन्यांनी सीटीपीचा खर्च स्वतःकडे घेऊन तो नव्या भरतीच्या प्रशिक्षणाला जोडला, म्हणजे तो जिथे असावा असे टीकाकार सुरुवातीपासून म्हणत होते, बऱ्याच अंशी तिथेच गेला. तासांच्या अटीला सिम्युलेटरच्या तासांची जास्त सूट देण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये कायदेमंडळात आला होता. २०२४ च्या कायद्यात तो टिकला नाही, १५०० तास कायम राहिले.