आयुष्य वाढलं, लपवणंही वाढलं

सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीवरची औषधं मोफत मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून. सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. त्या काळात औषध सुरू केलेले कितीतरी जण आज पन्नाशी-साठीत आहेत, नातवंडं सांभाळतात, गुडघेदुखीनं कुरकुरतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे ‘नाको’च्या अलीकडच्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात. सर्वाधिक महाराष्ट्रात, चार लाखांच्या आसपास. वेळेत औषध सुरू करून ते नेमानं घेणारा माणूस जवळजवळ इतरांइतकंच जगतो. तरीही यांतल्या अनेकांच्या सख्ख्या भावाला, सुनेला, शेजारणीला यातलं काही ठाऊक नसतं. लपवायला लावणारी ही भीती आली कुठून हे समजून घ्यायचं, तर औषध नव्हतं त्या वर्षांकडे पाहावं लागतं. लोकांचं अज्ञान हे एकच कारण सांगून भागत नाही. ती भीती रुजवण्यात सरकारचा आणि कायद्याचाही हात होता.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, मद्रासला. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीनं देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, वेल्लोरला तपासून घेतले आणि त्यांतले काही पॉझिटिव्ह निघाले. काम मोलाचं होतं. पण त्यातून जनमानसात एकच गोष्ट ठसली: हा ‘तसल्या’ लोकांचा रोग. तिथून पुढे ज्याला लागण झाली त्याच्या चारित्र्याची चौकशी आधी होऊ लागली, प्रकृतीची नंतर.

गोव्यात जे घडलं ते आज वाचतानाही अंगावर येतं. तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात १९८७ मध्ये दुरुस्ती करून एचआयव्हीबाधित व्यक्तीला वेगळं ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. डॉमिनिक डिसोझा हा तरुण वन्यजीव संरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेत नोकरीला होता आणि नियमित रक्तदान करायचा. त्यानं दिलेलं रक्त तपासणीत पॉझिटिव्ह निघालं. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याला म्हापशाच्या पोलीस ठाण्यात बोलावण्यात आलं. तिथून पोलिसांच्या पहाऱ्यात रुग्णालयात, आणि मग क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या, वापरात नसलेल्या एका जुन्या इमारतीत. आपल्याला काय झालंय हे कोणी समोर बसवून सांगण्याआधीच त्याला बंदोबस्तात ठेवलं गेलं. तो तिथे ६४ दिवस होता. त्याची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे धाव घेतली, वकील आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली, गोव्यात लोक रस्त्यावर उतरले. डॉमिनिकची सुटका झाली. कायद्यातली सक्ती सैल झाली, पण वेगळं ठेवण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयानं ग्राह्यच धरला. १९९२ मध्ये डॉमिनिक वारला. त्याच वर्षी गोव्यात उभी राहिलेली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था मूळ त्याची कल्पना.

एचआयव्ही हवेतून पसरत नाही, स्पर्शानं, एका ताटात जेवल्यानं, डासानं पसरत नाही, हे १९८९ मध्ये नीट माहीत होतं. म्हणजे त्या कोंडण्याला वैद्यकीय आधार नव्हता. आणि ज्याच्या दारावर सरकारच पहारा बसवतं, त्याच्या हातचं पाणी शेजारी कसं पिणार?

पुढची काही वर्षं याच रस्त्यानं गेली. १९९२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, नाको स्थापन झाली, पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. पण एसटी स्टँडच्या आणि दवाखान्याच्या भिंतींवर कवटी, हाडं आणि ‘एड्स म्हणजे मृत्यू’ अशी चित्रं होती. घाबरवलं की माणूस जपून वागेल, असा त्यामागचा हिशेब. माणूस घाबरला तो तपासणीला. वॉर्डात खाटेला वेगळी पाटी लागायची, बाळंतीण दारातून परत पाठवली जायची, मृतदेह प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिला जायचा. घरच्यांनी हे सगळं पाहिलं, आणि गावानंही.

याच काळात एक चांगला निकाल लागला, त्याची आठवण फारशी काढली जात नाही. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी कामगार असलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणून काम नाकारण्यात आलं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की जो काम करायला सक्षम आहे आणि इतरांना ज्याच्यापासून धोका नाही, त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्या माणसाला न्यायालयानं खरं नाव न लावता लढू दिलं. निकालपत्रात तो फक्त ‘एमएक्स’ आहे.

औषधाची गोष्ट वेगळ्या वेगानं चालली. १९९६ मध्ये तीन औषधं एकत्र दिल्यास विषाणू दाबून ठेवता येतो हे जगापुढे आलं, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी हेच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केले. आफ्रिकेतल्या लाखो लोकांचे प्राण या किमतीनं वाचले. आपल्याकडे मात्र सरकारी औषध यायला आणखी तीन वर्षं गेली, आणि तोवर शेत विकून, दागिने मोडून औषध घेणारी घरं महाराष्ट्रात खूप होती.

मोफत औषध आलं तेही अट घेऊन. रक्तातल्या सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी साधारण २००च्या खाली गेल्या की मगच गोळी मिळे. म्हणजे माणूस आधी खंगायचा, क्षयानं बेजार व्हायचा, मग उपचाराला लागायचा. सुरुवातीच्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन असायचं. जीव वाचवायचं, पण वर्षा-दोन वर्षांत गालांवरची चरबी उतरायची, हातापायांच्या शिरा वर यायच्या, तळपायांत मुंग्या. औषध जगवत होतं आणि तेच चेहऱ्यावरून ओळखही देत होतं. पुढे हे औषध मागे पडलं, टेनोफोव्हिर आलं, आता डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी असते. २०१७ पासून सीडी-फोरची अट गेली, निदान झालं की उपचार सुरू.

बायकांच्या वाट्याला याची वेगळीच बाजू आली. गरोदरपणात तपासणी व्हायची, त्यामुळे कित्येक घरांत रिपोर्ट आधी आला तो तिचा. लागण नवऱ्याकडून, आळ तिच्यावर. नवरा गेला की सासरची माणसं घरातून काढत, जमिनीतला हिस्सा नाकारत. मुलंही सुटली नाहीत. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात ‘सेवालय’ या संस्थेतल्या एचआयव्हीबाधित मुलांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत आपल्या पोरांशेजारी बसू नये, म्हणून पालक अडून बसले होते. पंढरपूरचं ‘पालवी’, पुण्याचं ‘मानव्य’ अशा संस्थांनी ज्यांना वाढवलं, त्यांतली बरीच मुलं आता कमावती आहेत, काहींची लग्नं झालीत.

मात्र औषधानं आयुष्य वाढवलं तसं लपवण्याचं आयुष्यही वाढलं. गोळ्यांची बाटली घरी आली की आधी लेबल खरवडायचं. गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून वर कापूस कोंबायचा आणि बाटली तांदळाच्या डब्यात खोल सरकवायची. आपल्या तालुक्यात एआरटी सेंटर, म्हणजे ही औषधं देणारं केंद्र असलं तरी ओळखीचं कोणी दिसेल म्हणून पहाटेची एसटी धरून दुसऱ्या जिल्ह्यात जायचं. दर महिन्याला मजुरी बुडवून काय सांगायचं, याची सबब तयार ठेवायची. संजय गांधी निराधार योजनेचा अनुदानाचा हक्क आहे, पण त्यासाठी कागद तलाठ्यापासून तहसीलपर्यंत फिरणार, म्हणून पैसे सोडून देणारे आहेत. वीस वर्षं असं जगणं हा गोळीपेक्षा मोठा भार आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि यातला मोठा भाग आता अनाठायी आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानं दाखवलं की लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. त्या अभ्यासात पुण्यातली जोडपीही होती. नंतरच्या अभ्यासांतून आणखी स्पष्ट झालं: व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडू नये इतका खाली असेल आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होतच नाही. कवटीची चित्रं गावोगाव पोचली होती, ही बातमी तशी पोचवली गेली नाही. याचा मला राग आहे.

२०१७ मध्ये संसदेनं एचआयव्ही-एड्स कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर यांत भेदभाव करायला मनाई आहे, संमतीशिवाय तपासणी आणि गुप्तता मोडणं बेकायदा आहे, प्रत्येक राज्यात लोकपाल नेमायचा आहे. उपचार मात्र ‘शक्य असेल तितपत’ पुरवण्याची जबाबदारी सरकारनं घेतली आणि त्या शब्दांवर कार्यकर्त्यांनी तेव्हाच हरकत घेतली होती. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा पडला तेव्हा दिल्लीत नाकोच्या कार्यालयात बाधितांना चाळीसहून अधिक दिवस धरणं धरावं लागलं.

तक्रार करायची तर नाव उघड होणार, ही भीती कायद्यानंही ओळखली आहे. टोपणनावानं खटला चालवण्याची, सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय त्यात आहे. वीस किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. पहिल्या पिढीचे रुग्ण आता मोतीबिंदू, हृदय, सांधे यांच्या शस्त्रक्रियांसाठी साध्या रुग्णालयांत जाऊ लागलेत, आणि त्यांना रिपोर्ट पाहून ‘दुसरीकडे जा’ असं सांगणं आज बेकायदेशीर आहे.