चर्मोद्योगाचे प्रदूषण आणि ठाणे खाडी

कच्चे कातडे कुजू नये म्हणून त्याचे टिकाऊ चामडे बनवणे, म्हणजे कातडी कमावणे. या धंद्यात मालापेक्षा टाकाऊच जास्त निघते. एक टन खारवलेल्या कातड्यापासून साधारण २०० ते २५० किलो चामडे हाती लागते आणि त्यासाठी ३० ते ४० घनमीटर पाणी खर्ची पडते. उरलेले केस, मांस, चरबी, मीठ, चुना सारे सांडपाण्यात नाहीतर गाळात जाते.

देशातील मोठ्या टॅनऱ्या, म्हणजे कातडी कमावण्याचे कारखाने, तमिळनाडूतील राणीपेट आणि आंबूर, कानपूरचे जाजमऊ आणि कोलकात्यात आहेत. खाडीकाठचा ठाणे-बेलापूर पट्टा मात्र ओळखला जातो तो रसायने, रंग आणि औषधांच्या कारखान्यांसाठी. मुंबईत चामड्याचा धंदा धारावीत वाढला. १९७१ साली सुरू झालेला देवनारचा कत्तलखाना मात्र ठाणे खाडीच्या बाजूला, वाशीच्या समोरच्या अंगाला आहे. या उद्योगाकडे खाडीच्या काठावरून पाहायचे ते यासाठी, की गोड्या पाण्याच्या नदीला लावलेला हिशेब इथे जुळत नाही.

कातडे प्रथम भिजवतात, तेव्हा खारवणीचे मीठ पाण्यात उतरते. तमिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यात विहिरी आणि शेते खारावली त्यामागे हे मीठ मोठे कारण आहे. खाडी मुळातच खारट, त्यामुळे तिथे मिठाची ओरड होत नाही. पुढे चुना आणि सोडियम सल्फाइड वापरून केस काढतात. या सल्फाइडच्या पाण्यात नंतरच्या टप्प्याचे आम्लयुक्त पाणी मिसळले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. त्याने टाक्यांत आणि गटारांत उतरलेल्या कामगारांचे जीव गेले आहेत. टॅनरीच्या प्रदूषणाची चर्चा बहुधा नदीपाशीच थांबते, या कामगारांपर्यंत येत नाही.

सर्वांत जास्त बोलले जाते ते क्रोमियमबद्दल. बहुतेक चामडे आज क्रोमियम सल्फेटने कमावले जाते. जुन्या पद्धतीत दिलेल्या क्रोमियमपैकी जवळपास एक तृतीयांश कातड्यात न मुरता पाण्यातच राहते. ते त्रिसंयुजी असते, म्हणजे तुलनेने सौम्य. चामड्याची कात्रणे जाळली तर त्याचे कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियम बनू शकते. खाडीत आलेले त्रिसंयुजी क्रोमियम पाण्यात फार काळ राहत नाही, चिखलाच्या कणांना चिकटून तळाशी बसते. ठाण्याकडे खाडी अरुंद होते, तिथला गाळ समुद्रात सहज वाहून जात नाही. म्हणून पाण्याचा नमुना स्वच्छ निघाला तरी तेवढ्यावरून खाडी स्वच्छ ठरत नाही. निवट्या, खेकडे, कालवे राहतात ती चिखलात, आणि ऐरोली-वाशीच्या किनाऱ्यावर येणारे रोहित पक्षी चरतात तेही याच चिखलावर. हा भाग २०१५ पासून रोहित अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

कायद्याची मापेही वेगवेगळी आहेत. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांत नदी-तलावात सोडायच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चालते, किनारी समुद्रात सोडायचे असेल तर १ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे दसपट. जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, हिची मर्यादाही समुद्रासाठी सैल आहे : नदीसाठी लिटरमागे ३० मिलिग्रॅम, समुद्रासाठी १००. या सवलतीमागे समुद्रात सगळे विरून जाते असे गृहीत आहे. भरती-ओहोटीत तेच पाणी मागेपुढे हिंदकळणाऱ्या अरुंद खाडीला ते कितपत लागू पडते, हा प्रश्न उरतो.

उपाय माहीत नाहीत असे नाही. कातडी भिजवण्याआधी मीठ झटकून काढता येते. क्रोमचे पाणी वेगळे गोळा करून मॅग्नेशियम ऑक्साइडने क्रोमियम खाली बसवतात आणि सल्फ्युरिक आम्लात विरघळवून पुन्हा वापरतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात, त्यात क्रोमियम नसते. मात्र त्याचे तपकिरी पाणीही टॅनिनने, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्याने, भरलेले आणि जिवाणूंना पचायला जड असते. वेल्लोर नागरिक मंचाच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील टॅनऱ्यांना ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी’ हे तत्त्व लावले. क्रोमियमयुक्त गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचरा ठरतो. मुंबई परिसरातल्या अशा कचऱ्यासाठी सामाईक सुविधा आहे ती तळोज्याला.