दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधल्या काळात सिक्युरिटी क्लिअरन्स कसा सांभाळायचा

शुक्रवारी कॉन्ट्रॅक्ट संपतं. बॅज जमा होतो, कंपनीचा सिक्युरिटी ऑफिसर (सगळे त्याला एफएसओ म्हणतात) डीब्रीफच्या (गुप्त कामातून मोकळं करण्याच्या) कागदावर सही घेतो, आणि सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसात फोन वाजतो: "माझा क्लिअरन्स गेला का हो?"

गेला नाही. फक्त तो ड्रायव्हिंग लायसन्ससारखा पाकिटात राहणारा कागद नाही, एवढं आधी लक्षात घ्या. क्लिअरन्स म्हणजे अमेरिकी सरकारची गुप्त माहिती हाताळायची मुभा. उत्तर व्हर्जिनियात आमचं टॅक्स आणि कागदपत्रांचं छोटं ऑफिस आहे आणि गिऱ्हाईक बहुतेक सरकारी कॉन्ट्रॅक्टवर काम करणारी मराठी मंडळी. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून हे पत्रक. आम्ही वकील नाही. नोटीस आली असेल, तर आमच्याआधी वकिलाकडे जा.

सरकार दोन वेगळ्या गोष्टी देतं. एक पात्रता, म्हणजे तुमची चौकशी होऊन 'हा माणूस विश्वासाचा' असा लागलेला निकाल. दुसरी प्रत्यक्ष प्रवेशाची परवानगी, जी कंपनीमार्फत आणि त्या कामापुरतीच मिळते. काम सुटलं की परवानगी त्याच दिवशी बंद होते, पण पात्रता नोंदीत राहते. रिक्रूटरच्या भाषेत तुम्ही 'अ‍ॅक्टिव्ह' होतात, आता 'करंट' झालात. २४ महिन्यांच्या आत दुसऱ्या कंपनीने तुम्हाला घेतलं, तर साधारणपणे चौकशी मुळापासून करावी लागत नाही. त्यापुढे गेलात की 'एक्स्पायर्ड', आणि सगळं पहिल्यापासून.

ही नोंद कंपनीला बघता येते, तुम्हाला नाही. संरक्षण खात्याच्या कामात २०२१च्या मार्चअखेर जेपॅस ही नोंदींची जुनी यंत्रणा बंद होऊन डिस आली. म्हणून बॅज परत करण्याआधी एफएसओला तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: चौकशी कधी पूर्ण झाली, पात्रता कोणत्या तारखेला मिळाली, आणि नाव सतत तपासणीत होतं का. नंतर त्याला ईमेल करत बसावं लागतं, आणि तो बिचारा तोवर दुसऱ्याच कंपनीत गेलेला असतो.

क्लिअरन्सच्या दोन पायऱ्यांचा 'सीक्रेट दहा वर्षं चालतो, टॉप सीक्रेट पाच' हा हिशोब अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. तो फेरतपासणीचा जुना हिशोब झाला. ऑक्टोबर २०२१ पर्यंत संरक्षण खात्याने आपले सगळे क्लिअरन्सवाले सतत तपासणीखाली आणले. अटक, मोठी थकबाकी, संशयास्पद व्यवहार असं काही घडलं की यंत्रणेला दहा वर्षं न थांबता कळतं. दोन कामांच्या मधे असताना मात्र ना कंपनी पाठीशी असते, ना एफएसओ. त्या काळात काय झालं, ते नव्या कंपनीत शिरताना तुम्हालाच सांगावं लागतं. एसएफ-८६ हा चौकशीसाठी भरायचा १३६ पानी फॉर्म पुन्हा समोर येऊ शकतो, आणि त्यात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा केंद्रीय गुन्हा आहे. मागे भरलेल्या फॉर्मची प्रत तुमच्याकडे नसेल, तर चौकशी करणाऱ्या डीसीएसए या संस्थेकडे स्वतःच्या फाइलची मागणी करता येते. पेनसिल्व्हेनियातल्या बॉयर्स गावी तिचं त्यासाठीचं कार्यालय आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. "मित्राच्या कंपनीत नाव लावून ठेवतो, काम नाही, पगार नाही, क्लिअरन्स तेवढा जिवंत राहील." असं चालत नाही. गरज नसताना क्लिअरन्सवाल्यांचा साठा करून ठेवायला कंपन्यांना नियमानेच मनाई आहे. आठवड्याला दहा तासांचं असलं तरी खरं काम हवं, आणि त्या कामाला खरोखर क्लिअरन्स लागत असला पाहिजे. तसंच, स्वतःचा क्लिअरन्स स्वतः काढता येत नाही. पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. 'पब्लिक ट्रस्ट' (संवेदनशील, पण गुप्त नसलेल्या सरकारी कामासाठीची तपासणी) हा क्लिअरन्स नव्हे, हेही जाता जाता. बायोडेटात दोन्ही एकाच ओळीत लिहू नका.

मग या दिवसांत करायचं काय? आम्ही गिऱ्हाइकांना एक साधी दोनशे पानी वही घ्यायला सांगतो. पुढच्या फॉर्मवर जे विचारलं जाईल, ते घडेल तेव्हाच तारखेसह तिच्यात लिहायचं.

आपल्या लोकांची वही लवकर भरते. गणपतीला गावी गेलात: जाण्या-येण्याच्या तारखा, वाटेत दुबईत बाहेर पडून राहिलात तर तेही. फॉर्म सात वर्षांचे परदेश प्रवास विचारतो, आणि २०२२ चा मे महिना की जून हे आठवत नाही म्हणून लोक बायकोच्या फोनमधले लग्नाचे फोटो चाळत बसतात. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले चाळीस जण लिहायचे नाहीत. पण त्यातला एखादा तिकडे सरकारी नोकरीत आहे आणि दर रविवारी तुमचा तासभर फोन चालतो, तर त्याचं नाव वहीत हवं. पुण्यातल्या मित्राच्या स्टार्टअपला 'जरा मदत' करायची असेल, फुकट का होईना, तर तारीख आणि काम लिहा, आणि हो म्हणण्याआधी दोनदा विचार करा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सातबाऱ्याचा. एका गिऱ्हाइकाचे वडील सांगलीकडे वारले. तलाठ्याकडे वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, आणि बत्तीस गुंठ्यांवर आई आणि दोन भावांसोबत यांचंही नाव चढलं. यांना पत्ता नाही. चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर उताऱ्याचा फोटो टाकला तेव्हा कळलं, आणि त्यातही इतर अधिकारांच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा दिसत होता. आधीच्या फॉर्मवर यांनी परदेशी मालमत्तेसमोर 'नाही' लिहिलेलं. लिहिलं तेव्हा ते खरंच होतं. त्या आठवड्यात वहीत तीन ओळी गेल्या: कधी कळलं, कोणाकडून, हिस्सा किती. चार महिन्यांनी नवीन काम मिळालं तेव्हा त्या तीन ओळी, उतारा आणि बोजाचा खुलासा पहिल्याच दिवशी एफएसओच्या हातात होता. बत्तीस गुंठ्यांनी कोणाचा क्लिअरन्स सहसा जात नाही. लपवलेल्या बत्तीस गुंठ्यांची गोष्ट वेगळी.

आईबरोबरचं एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं भारतातलं) खातं हाही त्याचाच भाऊ. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे, पण विचारलं तिथे सांगायचंच. जुना भारतीय पासपोर्ट जमा केल्याचं सर्टिफिकेट फाइलला लावून ठेवा.

पैशांचं वेगळं बोलतो. खर्चाची मंजुरी अडून सरकार बंद पडलं की सरकारी नोकरांना मागचा पगार मिळतो, कॉन्ट्रॅक्टरला मिळेलच असं नाही. २०१८-१९ चा बंद ३५ दिवस चालला, २०२५ चा ४३. अशा वेळी कार्डाचे हप्ते सुटतात. फॉर्म १२० दिवसांहून जास्त थकलेलं कर्ज विचारतो, म्हणजे चौथ्या महिन्याच्या आत बँकेशी बोलायला हवं. नोकरी गेल्यामुळे थकलं आणि तुम्ही हातपाय हलवलेत, हे नियमांतही तुमच्या बाजूने धरलं जातं. पण ते कागदावर दिसायला हवं. बँकेला पाठवलेलं पत्र, ठरलेला हप्ता, भरल्याची पावती, सगळं ठेवा.

व्हर्जिनियात २०२१ पासून आणि मेरीलँडमध्ये २०२३ पासून गांजा राज्याच्या कायद्याने मोकळा आहे. केंद्राच्या कायद्याने नाही, आणि क्लिअरन्स केंद्राचा. "सध्या कामावर नाही, एखादी गमी (गांजाची गोळी) खाल्ली तर काय" असं म्हणणारे भेटतात. पुढच्या फॉर्मवर तो प्रश्न असेलच. याउलट, नोकरी गेल्यावर झोप उडाली म्हणून समुपदेशकाकडे जायला घाबरू नका. तेवढ्याने क्लिअरन्स जात नाही.

बेकार असल्याच्या काळाचाही साक्षीदार लागतो, हे कोणी सांगत नाही. त्या दिवसांत तुम्ही काय करत होतात आणि घर कशावर चाललं, हे सांगू शकेल अशा माणसाचं नाव फॉर्म मागतो. रोज सकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जाता तो शेजारी चालेल, पण त्याला आधी विचारून ठेवा.

आमच्याकडे येताना वही, मागचा फॉर्म आणि डीब्रीफची तारीख आणा. गावाकडे नावावर काही आहे का याची शंका असेल, तर सातबारा आधी काढा. मोफत मिळणारा फक्त बघण्यापुरता असतो. डिजिटल सहीचा घ्या, १५ रुपये पडतात.